दुकानातील कॅमेरा : नोंद घरच्या पेटीत ठेवावी की 'क्लाउड'वर?

आमचे कापडाचे दुकान मुकुटबनला आहे. झरी जामणी तालुक्यातील हे मोठे गाव. एका अंगाला वणी, दुसऱ्या अंगाला हद्द ओलांडली की तेलंगणातील आदिलाबाद. गिऱ्हाईक मराठी बोलणारे, तेलुगू बोलणारे, पोडावरून येणारे कोलाम, सर्व प्रकारचे. २०२२ साली येथे सिमेंटचा मोठा कारखाना सुरू झाला तेव्हापासून रस्त्यावर रात्रीही ट्रक असतात आणि गावात अनोळखी चेहरे असणे ही रोजची बाब झाली आहे. कापसाचा पैसा हातात आला की दुकानात गर्दी होते आणि गल्ल्यात रोकड राहते. म्हणून इतरांप्रमाणे आम्हीही चार कॅमेरे लावले होते आणि निश्चिंत झोपत होतो.

दोन वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात, रात्री वीज गेलेली असताना, आमच्या दुकानाचे शटर उचकटले गेले. गल्ल्यातील रक्कम, ड्रेस मटेरियलचे काही गठ्ठे आणि साड्यांचा एक नवा लॉट गेला. सकाळी आम्ही मुलाला म्हणालो, "काळजी करू नकोस, कॅमेरे आहेत." मुलगा गल्ल्याखाली वाकला आणि तसाच राहिला. कॅमेरे भिंतीवर जागच्या जागी होते. मात्र त्यांनी पाहिलेले ज्या पेटीत साठते, ती डीव्हीआरची पेटीच चोरांनी तारा तोडून नेली होती.

एवढ्यावर गोष्ट संपली असती तर आम्ही हा लेख लिहिला नसता. माल जातो, माल येतो. परंतु पेटी गल्ल्याखाली आहे हे चोरांना कसे कळले, असा प्रश्न निघाला. "माहितीतलाच कोणी असावा" असे गावात बोलले जाऊ लागले आणि सर्वांची नजर आमच्याकडे सात वर्षे काम करणाऱ्या एका तरुणाकडे वळली. त्याची चौकशी झाली. आम्ही त्याच्यावर आरोप केला नाही, परंतु त्याच्या बाजूने ठामपणे बोललोही नाही. समोरच्या दुकानाचा एक कॅमेरा आमच्या शटरकडे पाहतो हे आम्हाला दहाव्या दिवशी सुचले. तेथे गेलो तर त्यांच्या पेटीत फक्त आठवड्याची नोंद राहत होती. त्या रात्रीवर नवी नोंद चढून गेली होती. महिनाभराने तो मुलगा हिशेब घ्यायला आला. जाताना एवढेच म्हणाला, "शेठजी, ती पेटी सापडली असती तर बरे झाले असते." आता तो दुसऱ्या गावी नोकरी करतो. त्याच्याविरुद्ध कधी काहीही निघाले नाही.

तेव्हापासून आम्ही कॅमेऱ्याच्या या धंद्यात लक्ष घातले. आमचे शिक्षण उर्दू शाळेतले, मराठी आम्ही गल्ल्यावर बसून शिकलो आणि इंग्रजी कोटेशन मुलाकडून वाचून घेतो. तरीही चार जणांना विचारून, स्वतः ठोकर खाऊन जे कळले ते व्यापारी बांधवांसमोर ठेवतो.

स्वतःचे गोदाम आणि भाड्याचे गोदाम

कॅमेरा हा केवळ डोळा आहे. त्याने पाहिलेले कोठे ठेवायचे, हा खरा प्रश्न. पहिला मार्ग म्हणजे दुकानातच पेटी ठेवणे. जुन्या पद्धतीच्या कॅमेऱ्यांना डीव्हीआर आणि नेटवर्कच्या कॅमेऱ्यांना एनव्हीआर लागतो. दोहोंच्या पोटात हार्ड डिस्क असते. हे झाले स्वतःचे गोदाम. एकदा पैसे घातले की दरमहा भाडे नाही, किल्ली आपल्या हाती. दुसरा मार्ग क्लाउडचा. नावाने ढग असला तरी आकाशात काही नसते. मुंबई, हैदराबाद अशा शहरांत संगणकांची प्रचंड गोदामे आहेत. कॅमेऱ्याचे चित्र इंटरनेटने तेथे जाते आणि आपण त्याचे भाडे देतो. येथे चोर आला, आग लागली, पाणी शिरले, तरी तेथे पोहोचलेला माल सुरक्षित राहतो. मात्र भाडे थकले की गोदामवाला माल बाहेर काढतो, आणि तेथपर्यंत जाणारा रस्ता चांगला हवा.

विकणारा माणूस आपल्याकडे जे आहे तेच उत्तम म्हणून सांगतो. म्हणून बोलणी करण्यापूर्वी हिशेब स्वतः करावा. हिशेब अवघड नाही. नेटचा वेग एमबीपीएसमध्ये मोजतात. एक एमबीपीएसचा प्रवाह चोवीस तास चालला तर १०.८ जीबी जागा व्यापतो. दुकानात लागणारा दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा एच २६५ या नव्या पद्धतीने चित्र आवळत असेल तर साधारण २ एमबीपीएस घेतो. जुन्या एच २६४ पद्धतीला जवळजवळ दुप्पट लागते. म्हणजे नव्या पद्धतीतही एका कॅमेऱ्याचे दिवसाला सुमारे २२ जीबी, चार कॅमेऱ्यांचे सुमारे ८६ जीबी. दोन टीबीची डिस्क असेल तर २३ दिवसांची नोंद राहील, नंतर जुन्यावर नवे चढेल. एक टीबीची असेल तर अकरा-बारा दिवस. आमच्या समोरच्या दुकानदाराची पेटी आठवड्यात का भरत होती, हे आम्हाला या हिशेबानंतर समजले. लहान डिस्क आणि जुनी पद्धत. त्या बिचाऱ्यालाही ते ठाऊक नव्हते.

किती दिवस नोंद ठेवावी? सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये पोलीस ठाण्यांत कॅमेरे लावण्याचा आदेश दिला तेव्हा नोंद अठरा महिने आणि ते शक्य नसल्यास किमान एक वर्ष ठेवण्यास सांगितले. दुकानदाराला एवढे पेलणारे नाही आणि त्याची गरजही नाही. परंतु उधारीचा, मालाच्या अदलाबदलीचा तंटा बहुधा महिनाअखेर निघतो. म्हणून तीस दिवस हवेत असे आमचे मत आहे.

हाच माल क्लाउडवर पाठवायचा तर काय होईल? चार कॅमेऱ्यांसाठी ८ एमबीपीएसचा वेग वर जाण्यासाठी, म्हणजे अपलोडला, रात्रंदिवस अखंड हवा. महिन्याला सुमारे २६०० जीबी जातील. बऱ्याच घरगुती फायबर योजनांत महिन्याची मर्यादा ३३०० जीबी असते. घरात टीव्ही, मोबाईल त्याच जोडणीवर असतील तर महिना संपण्यापूर्वी वेग मंदावेल. मोबाईलच्या सिमवर दिवसाला दीड-दोन जीबी मिळतात. त्यावर चार कॅमेऱ्यांची चोवीस तास नोंद पाठवणे म्हणजे बैलगाडीतून सिमेंट कारखान्याचा माल वाहण्यासारखे आहे. नागपूर-मुंबईच्या दुकानदाराला जे परवडते ते आमच्या भागात परवडेलच असे नाही. आमच्याकडे रस्ता खोदला की फायबर तुटते आणि जोडणारा माणूस कधी संध्याकाळी, कधी तिसऱ्या दिवशी येतो.

आणखी एक गोष्ट जाहिरातीत बारीक अक्षरांत असते. स्वस्त क्लाउड योजना अखंड नोंद ठेवतच नाहीत. समोर काही हलले की तेवढ्यापुरता तुकडा पाठवतात आणि तोही सात किंवा तीस दिवस ठेवतात. कोटेशनमधील 'रिटेन्शन' या शब्दाखाली हा आकडा असतो. आम्ही तो पहिल्यांदा वाचला तेव्हा कॅमेऱ्याचा एखादा भाग समजलो होतो.

भाड्याचा हिशेब पाच वर्षांचा करावा. दरमहा जे सांगतील त्याला कॅमेऱ्यांच्या संख्येने आणि मग ६० ने गुणावे. समोर आलेली रक्कम पेटी, डिस्क आणि पाच वर्षांत एकदा डिस्क बदलण्याचा खर्च यांच्या शेजारी लिहावी. डिस्क बिघडणारच, हे गृहीत धरावे. जिनिंगजवळच्या दुकानांत, मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमाग कारखान्यांत कापसाचा तंतू हवेत असतो. तो पेटीच्या पंख्यात आणि जाळीत बसतो, पेटी तापते आणि डिस्क लवकर जाते. महिन्यातून एकदा वीज बंद करून पेटी पुसावी. डिस्कही निगराणीच्या कामासाठी बनवलेलीच घ्यावी. संगणकातील साधी डिस्क रात्रंदिवस लिहिण्यासाठी बनलेली नसते.

विजेबद्दलही सांगून टाकतो. आमची पेटी इन्व्हर्टरवर होती, पण कॅमेऱ्यांचा पुरवठा थेट लाईनवर होता. म्हणजे त्या रात्री पेटी सापडली असती तरी कदाचित काळाच पडदा दिसला असता! कॅमेरे, पेटी आणि नेटचा राउटर, तिन्ही एकाच बॅकअपवर हवेत. हे सांगणारा माणूस आम्हाला चोरीनंतर भेटला.

कोर्टात काय टिकते?

याबाबत एक प्रसिद्ध खटला आपल्या महाराष्ट्रातला, जालन्याचा आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर हे कैलास गोरंट्याल यांच्यापेक्षा २९६ मतांनी निवडून आले. खोतकर यांचे उमेदवारी अर्ज २७ सप्टेंबर २०१४ रोजी दुपारी तीनच्या मुदतीनंतर दाखल झाले, असा आक्षेप घेतला गेला. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयात आणि बाहेर कॅमेरे होते. त्यांच्या चित्रफिती हाच वादाचा विषय झाला. औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरवली आणि सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी खोतकरांचे अपील फेटाळले. परंतु तो निकाल आज देशभर वाचला जातो तो निवडणुकीमुळे नव्हे. इलेक्ट्रॉनिक नोंदीची नक्कल पुराव्यात द्यायची तर पुरावा कायद्याच्या कलम ६५ब चे प्रमाणपत्र सक्तीचे आहे, असे न्यायालयाने त्यात स्पष्ट केले. मूळ यंत्रच मालकाने साक्षीच्या वेळी हजर केले आणि ते आपले आहे व आपण चालवतो असे शपथेवर सांगितले, तर प्रमाणपत्र लागत नाही. यंत्र उचलून कोर्टात आणणे अशक्य असेल तर प्रमाणपत्राशिवाय मार्ग नाही.

आता आपल्या प्रश्नाकडे पाहा. दुकानातील पेटी मूळ यंत्र म्हणून कोर्टात नेता येते. क्लाउडचे गोदाम कोणी उचलून नेऊ शकत नाही. तेथे कागद लागणारच. १ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला आणि हा विषय कलम ६३ मध्ये गेला. प्रमाणपत्राचा नमुना आता कायद्यालाच जोडलेला आहे. त्याचे दोन भाग आहेत. एक यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरावयाचा, दुसरा तज्ज्ञाने. दोहोंत फाईलचा 'हॅश' लिहावा लागतो. कापसाच्या गाठीवर लाखेचे सील असावे तसा हा आकडा आहे. फाईलमध्ये काडीचा बदल झाला तरी आकडा बदलतो. म्हणून तंट्याचा प्रसंग आला की मोबाईलवर टीव्हीच्या पडद्याचा फोटो काढून व्हॉट्सअॅपवर फिरवत बसू नये. त्याच दिवशी मूळ फाईल पेनड्राइव्हवर घ्यावी, पेटी बंद करून बाजूला ठेवावी आणि वकिलाला विचारूनच पुढचे पाऊल टाकावे.

जालन्याच्या खटल्यात सगळा वाद घड्याळाचा होता, तीन वाजण्यापूर्वी की नंतर. आपल्या पेटीतील घड्याळ बरोबर आहे का, हे किती दुकानदारांनी पाहिले आहे? नेटशी जोडलेली नसलेली पेटी वर्षभरात काही मिनिटे मागे-पुढे होते आणि तिचा आतला सेल संपला तर तारीखच भलती दाखवते. क्लाउडवर जाणारी नोंद नेटवरून वेळ घेते, तो तिचा मोठा गुण आहे. पेटी ठेवणाऱ्याने महिन्यातून एकदा मोबाईलशी वेळ जुळवून पाहावी.

किल्ली कोणाकडे?

चोरीनंतर आम्ही घाईने एक क्लाउड योजना घेतली होती. बसवणाऱ्याने स्वतःच्या मोबाईल क्रमांकावर खाते उघडले. पुढे तो फोन उचलेनासा झाला आणि आमच्याच दुकानाचे चित्र पाहण्यासाठी आम्हाला ओटीपी मिळेना. पैसे आमचे, दुकान आमचे, चावी दुसऱ्याच्या खिशात! ती योजना आम्ही सोडून दिली. कॅमेरेही असे निघाले की त्याच कंपनीच्या सेवेवर चालत, दुसऱ्या पेटीला जोडता येत नव्हते. तेव्हापासून आम्ही घेण्यापूर्वी विचारतो की कॅमेरा 'ऑनव्हिफ' प्रमाणाचा आहे का. हे प्रमाण वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रे एकमेकांशी बोलावीत म्हणून २००८ पासून चालत आले आहे.

पासवर्डचेही तसेच. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या संगणकी किडीने कारखान्यातून आलेले पासवर्ड न बदललेले लाखो कॅमेरे आणि पेट्या ताब्यात घेतल्या आणि त्यांच्या जोरावर अमेरिकेतील मोठमोठ्या वेबसाईट काही तास बंद पाडल्या. त्यावरून क्लाउडच निर्धोक असे समजू नये. मार्च २०२१ मध्ये व्हर्काडा या अमेरिकन क्लाउड कंपनीत घुसखोरांनी शिरकाव केला तेव्हा दीड लाखाच्या आसपास कॅमेरे त्यांना एकदम पाहता आले. दुकानातील पेटी फुटली तर एक दुकान उघडे पडते. तेथे एक कुलूप तुटले आणि सर्वांची गोदामे उघडी झाली.

आपल्या शेजारच्या गुजरातमध्ये फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातील स्त्रियांच्या तपासणीची चित्रे इंटरनेटवर विकली जात असल्याचे उघड झाले. पकडलेल्यांत महाराष्ट्रातीलही होते. आमच्या दुकानात निम्म्याहून अधिक गिऱ्हाईक स्त्रियांचे आहे. त्या बुरखा बाजूला करून कापड अंगाला लावून पाहतात, लहान मुलांना दूध पाजतात. ही त्यांची इज्जत आमच्याकडे अमानत आहे. म्हणून ट्रायल रूमकडे आणि आतल्या बैठकीकडे एकही कॅमेरा ठेवू नये, मग नोंद कोठेही जावो. स्त्रियांचे असे चित्रण भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हाही आहे. दाराशी 'येथे कॅमेरा आहे' अशी पाटी आम्ही मराठी, उर्दू आणि तेलुगूत लावली आहे.

नवा कॅमेरा घेणाऱ्याने एवढे पाहावे की ९ एप्रिल २०२५ पासून भारतात विक्रीसाठी येणाऱ्या कॅमेऱ्यांना सरकारने ठरवलेल्या सुरक्षा चाचणीचे प्रमाणपत्र लागते. जुना साठा सवलतीत मिळतो आहे म्हणून उचलू नये.

शेवटी आम्ही काय केले

मुलगा म्हणत होता, "अब्बा, सगळे क्लाउडवर टाकू, कटकट मिटेल." आमचे मन पेटीकडे होते. हिशेब मांडल्यावर दोघांचेही अर्धे-अर्धे खरे निघाले.

चारही कॅमेऱ्यांची अखंड नोंद दुकानातच होते, चार टीबीच्या डिस्कवर, म्हणजे दीड महिना. परंतु पेटी आता गल्ल्याखाली नाही. ती माळ्यावर, हवा खेळेल अशा जाळीच्या लोखंडी कपाटात, कुलपात आहे आणि तारा भिंतीतून गेल्या आहेत. गल्ल्याखाली एक बंद पडलेली जुनी पेटी दिवा लावून ठेवली आहे. कोणाला न्यायची असल्यास खुशाल न्यावी. क्लाउडवर फक्त दोन कॅमेरे जातात, शटरचा आणि गल्ल्याचा, आणि तेही दुकान बंद झाल्यापासून उघडेपर्यंत, काही हालचाल झाली तरच. दिवसभर दुकानात हालचालच असते, ती पाठवून काय करायचे? रात्री पाच मिनिटांचा तुकडा २ एमबीपीएसने ७५ एमबी होतो. फायबर तुटले असले तरी मोबाईलच्या सिमवरून सहज जातो. चोराने माळा शोधेपर्यंत त्याचे चित्र गावाबाहेर पोहोचलेले असते. खाते आमच्या क्रमांकावर आहे आणि पासवर्ड घरातील दोघांनाच ठाऊक आहे.

ज्यांचे दुकान लहान आहे, एक शिलाई यंत्र आणि एक टेबल एवढाच संसार, त्या दर्जी भावांनी एवढा पसारा करू नये. मेमरी कार्डाचा एक कॅमेरा पुरतो. १२८ जीबीच्या कार्डावर सुमारे सहा दिवस राहतात. मात्र तो हाताला येणार नाही असा उंच लावावा आणि रात्रीचे तुकडे क्लाउडवर जाण्याची सोय असलेला घ्यावा. कार्ड कॅमेऱ्यासकट जाते, हे आमच्या पेटीसारखेच आहे.

गेल्या हिवाळ्यात दुकानात पुन्हा एक प्रसंग घडला. गल्ल्यात पाच हजार कमी भरले आणि नव्या नोकराचा चेहरा उतरला. या वेळी आम्ही कोणाकडे पाहिले नाही, माळ्यावर गेलो. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी आम्ही स्वतःच एका ठोक व्यापाऱ्याच्या माणसाला पैसे देताना दिसलो. वहीत लिहायचे राहिले होते. त्या संध्याकाळी आम्ही पहिल्या मुलाला फोन केला आणि जे दोन वर्षांपूर्वी चारचौघांत म्हणायला हवे होते ते त्याला म्हणालो. त्याने ऐकून घेतले. परत येण्याविषयी आम्ही विचारले, तेव्हा म्हणाला, "घरी विचारून सांगतो."